दारासमोरची बाई

चहा संपेपर्यंत नंदनवारबाई चित्राकडे पाहत नसत. रविवारी दुपारी त्या आमच्या सीताबर्डीच्या घरी येत आणि बैठकीतली नेमकी चित्राकडे पाठ असलेली खुर्ची निवडत. आई चहा आणी. बाई बशीत ओतून सावकाश पीत, शाळेतलं, बाजारातलं, उन्हाचं बोलत. शेवटचा घोट झाला की कप खाली ठेवत, पदरानं ओठ टिपत आणि मग खुर्ची उचलून वळवत. उचलूनच, ओढून कधी नाही. त्यानंतर बराच वेळ खोलीत कोणी बोलत नसे. आईसुद्धा नाही, आणि माझ्या आईला गप्प बसणं जड जाई.

"आधी चहा कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"कोणाच्या घरी गेल्या गेल्या त्याच्या तोंडाकडे टकमक पाहते का वं? आधी बसावं, पाणी घ्यावं. ती काय पळून चालली?"

ती म्हणजे चित्रातली बाई. तैलचित्र होतं, हातभर उंचीचं. खिडकीशी बसलेली एक गव्हाळ, मध्यम वयाची बाई, अंगावर मातकट पिवळं लुगडं, मांडीवर दोन्ही हात. एक हात उपडा, दुसरा उताणा, जणू आत्ताच काहीतरी खाली ठेवून ती दमून बसली आहे. कपाळ मोकळं, गळा मोकळा. सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या मेमसाहेबानं मुलं सांभाळणाऱ्या आपल्या आयेला बसवून काढलं असावं, असा बाईंचा अंदाज होता. "कुंकू काढाचं विसरली, का नव्हतंच, कोणाले माहीत," त्या म्हणत.

बाई आमच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत. मी तिथं इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा माझं मराठी शिक्षिकांच्या खोलीत चेष्टेचा विषय झालं होतं, म्हणून मी फारशी बोलत नसे. बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात 'कॉन्व्हेंट' असं नाव ठेवलं. "काय वं कॉन्व्हेंट, डबा खाते का त्याले प्रार्थना म्हणते?" पण त्या माझ्या शेजारी येऊन बसत, आणि त्यांच्याशी बोलावं लागत नसे. ते मला फार बरं वाटे.

वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. घंटा झाली की व्हरांड्यातच त्यांची भाषा पायांतली वहाण बदलावी तशी बदले. शिकवण्याची पद्धतही निराळी होती. इतर शाळांत मुली आंबे आणि कमळं काढीत, आमच्या मुलींना त्या सांगत, "तुमच्या घरातली एक भिंत काढा. जशी आहे तशी." मुली भिंतीवरचं कॅलेंडर, घड्याळ, आजोबांचा फोटो काढून आणीत. बाई कागद हातात धरून विचारत, "ह्याच्यासमोर रोज कोण बसतं?" मुलींना तो प्रश्न कळत नसे.

मला तो पुढं कळला. बाईंच्या मते चित्र पाहण्यासाठी नसतंच, ते सोबत राहण्यासाठी असतं. त्याची त्यांची एक परीक्षा होती. ताप भरला असताना ह्याच्यासमोर पडून राहता येईल का? कोणावर चिडून घरात आलो तर हे तोंड पाहवेल का? एकदा शाळेच्या बक्षीस समारंभाला एका श्रीमंत पाहुण्यांनी मोराचं मोठं झगमगीत चित्र आणलं होतं. सगळ्या जणी त्याच्याभोवती गोळा झाल्या. बाई दुरूनच म्हणाल्या, "झ्याक आहे. पण रोज सकाळी उठून कोण सहन करंल त्याले?"

त्या परीक्षेला उतरलेली चार चित्रं त्यांच्याजवळ होती. साहेब लोक देश सोडून जाऊ लागले तेव्हा बंगल्यांतलं सामान गुजरीच्या बाजारात विकायला येई. चित्रं विकत घेणारं कोणी नव्हतं. लोकांना हव्या असत चौकटी, देवांच्या तसबिरींसाठी. दुकानदार चित्र उपसून बाजूला टाकी आणि चौकट विके. बाई त्या उपसलेल्या ढिगाशी उकिडव्या बसून राहत. "चौकट तुमची, आतलं माझं," असा त्यांचा सौदा असे. घरी आणून त्या चित्राला मागून जाड हातमागाचं कापड लावत. ताण्याच्या सुताला देतात ती भाताची खळ देऊन कापड ताठ करत आणि कडेनं लुगड्याच्या काठाची अरुंद पट्टी शिवून घेत. त्यांची चारही चित्रं अशी होती, बिनचौकटीची, लुगड्याचा काठ ल्यालेली.

एक नदीचं होतं. कन्हानसारखी रुंद, उथळ, उन्हाळ्यातली नदी, आणि माणूस कोणी नाही. एक पाणी ओतायच्या पांढऱ्या चिनीमातीच्या जगाचं, शेजारी दोन लिंबं. एक कडुनिंबाखालच्या रिकाम्या खाटेचं. आणि ही बाई.

आपलं घर झालं तर कुठलं चित्र कुठं लागेल, हे त्यांनी ठरवून ठेवलेलं होतं. नदी पलंगाच्या पायथ्याशी, डोळे उघडल्याबरोबर दिसावी म्हणून. जग चुलीजवळ, पण धुरापासून लांब. "भात शिजेस्तोवर पाहाले काहीतरी लागते ना." खाट खिडकीशेजारी. आणि बाई दारासमोर.

"दारासमोरच का?" मी विचारलं.

"कुलूप काढून आत गेलं की घरात कोणी असावं ना वं."

त्यांना घर नव्हतं. लहानपणी लग्न झालेलं, सासरी जाण्याआधीच नवरा गेलेला. "मी कुठंच नांदली नाही," त्या हसत सांगत, "ना तिकडं, ना इकडं." कोष्टीपुऱ्यात भावाच्या घरी त्या राहत. एकदा मी तिथं गेले होते. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, आणि भिंतीभर खुंट्यांवर रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी. उरलेल्या एका भिंतीवर देव. भाऊ रामाजी मागावरून उठले नाहीत, पण त्यांनी मला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. चित्रांचा विषय निघाल्यावर म्हणाले, "अक्काले मी कधी नाही म्हटलं काय? पण एक भिंत देवाची, बाकीच्या सुताच्या. मी काय आढ्याले लटकू?"

"तू लटकत नाही, तेच तर दुःख हाय," बाई आतून म्हणाल्या, आणि बहीणभाऊ दोघंही हसले.

नदीचं चित्र त्यांनी तिथं एकदा लावून पाहिलं होतं. वरच्या लडीतून लाल रंगाचा ओघळ त्याच्या आभाळात उतरला. तेव्हापासून त्यांनी चित्रं लोकांकडे ठेवायला सुरुवात केली. नदी मुख्याध्यापिकाबाईंकडे. खाट धंतोलीतल्या एका वकिलांकडे. जग शाळेजवळच्या कंपाउंडरकडे. आणि पिवळ्या लुगड्यातली बाई आमच्याकडे, कारण आमच्या बैठकीत उत्तरेचा उजेड येई. "पोरी उजवल्या," असं त्या म्हणत. लेकीच्या घरी जाऊन यावं तशा पाळीपाळीनं सगळीकडे जाऊन येत.

असं ते ठीक चाललं होतं. मग रामाजींनी माग बंद करायचं ठरवलं. गिरणीच्या कापडापुढं हातमागाचं लुगडं कोणी विचारीना. उमरेडला त्यांच्या सासरी थोडी शेती होती, तिकडे जायचं, इथलं घर विकायचं. बाईंनी नोकरी सोडून सोबत यावं असं ते मनापासून म्हणाले. त्यांची बायकोही म्हणाली.

"तिथं मले काय मिळंल, माहीत हाय?" बाई मला म्हणाल्या. "माजघरातला कोपरा. कणगीच्या अन् जात्याच्या मध्ये. मरेपर्यंत कणगी पाहत बसू?"

त्या दिवसापासून बाई खोली शोधू लागल्या. शाळा सुटली की मला म्हणत, "चल वं, तू संगं असली म्हणजे लोक मले बरी समजतात." आम्ही महाल पाहिला, धंतोली पाहिली, रेल्वेपलीकडचा भाग पाहिला. खोलीत शिरल्यावर बाई नळ, मोरी, खिडकी काही पाहत नसत. भिंतीला तळवा लावत. ओल कुठवर चढली आहे ते पाहत. मग दारात उभ्या राहून समोरच्या भिंतीकडे बघत.

एका घरमालकांनी विचारलं, "सोबत कोण असेल?"

"चार चित्रं हायत."

"देवाची?"

"नाही जी. एक नदी हाय, एक खाट, एक जग. अन् एक बाई."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "म्हणजे माणूस कोणीच नाही," ते म्हणाले, आणि खोली पुतण्यासाठी ठेवली असल्याचं त्यांना आठवलं.

सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच झालं. एकटी बाई, तीही विधवा, तीही नोकरीवाली. कोणी म्हणे आमच्याकडे सुना आहेत, कोणी म्हणे लोक काय म्हणतील. एका आजींनी तर सरळ विचारलं, "सकाळी उठल्या उठल्या तुमचं तोंड दिसणार ना आमच्या माणसांना?" बाई जिना उतरल्या, रस्त्यावर आल्या आणि म्हणाल्या, "चूक नाही त्यांची. माहं चित्र परीक्षेत नापास झालं." मी हसले नाही. त्याही हसल्या नव्हत्या.

थंडी संपत आली तसा रामाजींच्या घराचा व्यवहार पक्का झाला. बाई बारीक दिसू लागल्या. वर्गात खडू हातात धरून फळ्यासमोर नुसत्या उभ्या राहत. रविवारी मात्र येत, चहा पीत, खुर्ची वळवत.

त्यातला एक रविवार आमच्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा निघाला. आईनं बाईंना निरोप पाठवायला सांगितलं होतं की ह्या रविवारी येऊ नका, पुढच्या रविवारी या. निरोप नेणारी मोलकरीण गेली ती कोष्टीपुऱ्यात. आणि बाई तर सकाळपासून खोली शोधत फिरत होत्या.

त्या आल्या तेव्हा बैठक बायकांनी भरली होती. सतरंजीवर तिळगूळ, वाण, अत्तरदाणी. बाईंची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, म्हणून त्या उंबऱ्यातच थांबल्या. पाठ करून बसण्याची सोय नसल्यानं त्यांना चित्राकडे चहाच्या आधीच पाहावं लागलं.

चित्रातल्या बाईच्या कपाळावर कुंकू होतं. आईनं ते सकाळीच लावलं होतं. खऱ्या कपाळाला लावतात तसं, आधी अनामिकेनं मेण आणि त्यावर पिंजर, गोल, ठसठशीत. लावताना मी तिथंच होते. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जी माया होती, ती मी नाकारू शकत नाही.

"वहिनी," बाई हळूच म्हणाल्या, "तिले कुंकू लावलं?"

"अहो, एवढे दिवस घरात आहे ती," आई म्हणाली. "आज सगळ्यांना लावायचं आणि तिलाच कसं सोडायचं? मोकळं कपाळ बघवेना मला."

आईच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. बोलता बोलता तिनं ते ह्या हातातून त्या हातात घेतलं, बाईंपासून दूरच्या. तिला ते कळलंही नसेल. बाकीच्या बायका तिळगुळाकडे पाहत होत्या.

बाईंनी पदर कपाळावर थोडा पुढं ओढला. "पुसू नका आता," त्या म्हणाल्या. "मेण हाय खाली. पुसलं तर रंग निघंल." आणि चहा न घेता गेल्या.

दोन दिवसांनी त्या रिक्षा घेऊन आल्या आणि चित्र घेऊन गेल्या. आई म्हणाली, "खोली मिळाली का?" बाई म्हणाल्या, "मिळंल." चित्र त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलं, तोंडावरून पदर घ्यावा तसं.

खोली मिळाली ती वाडीला, अमरावती रस्त्यावर, मालट्रकांच्या गोदामामागं. मालक पंजाबकडून सगळं सोडून आलेले सरदारजी होते. मी सोबत होते. त्यांनी एकटी का, कोण, कुठली, काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "बहनजी, ये कमरा नहीं, डिब्बा है. चारों तरफ टीन. गर्मी में आप रो देंगी."

"दार कुठं हाय?" बाईंनी विचारलं. दार पाहिलं. दारासमोरचा पत्रा पाहिला. "चालंल," म्हणाल्या.

मग बाई आपल्या उजवलेल्या पोरी, बाकीची तीन चित्रं, परत आणायला निघाल्या. राजधानी मुंबईला गेली होती आणि तिच्याबरोबर शहरातले निम्मे साहेब. मुख्याध्यापिकाबाईंच्या दिवाणखान्यात नदीच्या जागी फिकट चौकोन होता. "अहो, इन्स्पेक्टरसाहेबांना निरोपाला द्यायला काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी काच लावून, छान फ्रेम करून दिलं. तुम्ही इतकी वर्षं मागितलं नाही, मला वाटलं दिलंत."

"फ्रेम केली?" बाईंनी विचारलं. "बरं झालं."

वकिलांकडे वडील वारले होते. त्यांच्या अंथरुणासमोरच्या भिंतीवर ती रिकामी खाट होती. बारावं झाल्यावर घरातल्यांनी ती माळ्यावर टाकली, घरात अशुभ नको म्हणून. वकिलांनी स्वतः शिडी लावून काढून दिली. वाळवीनं कडुनिंब खाल्ला होता, खाटही खाल्ली होती. उरला होता तो कडेनं शिवलेला लुगड्याचा काठ. बाईंनी तो घडी करून पिशवीत ठेवला. वकील फार ओशाळले. बाईच त्यांची समजूत घालत होत्या.

कंपाउंडरकडचा जग मात्र जसाच्या तसा होता. चुलीजवळच लावलेला, धुरापासून लांब. कंपाउंडरच्या बायकोनं तो काढून दिला आणि मग रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाली, "भात लावल्यावर आता मी कुठं पाहू, बाई?" बाईंनी जग पुन्हा त्या खिळ्याला अडकवून दिला. रस्त्यानं मला म्हणाल्या, "तो तिच्याच घरचा झाला वं. तो नांदला." एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांना मी रडताना पाहिलं ते त्या एकदाच, रस्त्यावर, भरदुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाठ करून.

चारांतली एकच उरली. दारासमोरची.

शाळेत त्या मग कमी बोलत. हातांना टर्पेंटाइनचा वास येई, नखांत रंग असे. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिचं कपाळ साफ करून राहिली." काही दिवसांनी विचारलं तर तेच. मेणात मुरलेली पिंजर निघता निघत नव्हती. जिथं निघाली तिथं रंग घेऊन निघाली. "आता जरासं लावून घेते तिथं. मिळता रंग सापडत नाही, बस." मी म्हटलं, राहू द्या ना बाई, कुंकवासकट काय वाईट दिसते?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "कुलूप काढून आत गेली की ती दिसते. सवाष्ण. माह्या घरात मीच पाहुणी आल्यासारखी वाटते वं. तिच्यासमोर मले पदर पुढं ओढावा लागते."

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचं काहीच कळलं नाही, म्हणून एका दुपारी मी वाडीला गेले. गोदामाच्या अंगणात ट्रक उभे होते, एकाचं इंजिन चालू होतं. बाईंचं दार उघडं होतं. मी उंबऱ्यात थांबले.

पत्र्याला खिळा ठोकता येत नाही, म्हणून त्यांनी वरच्या बांबूला सुताच्या दोऱ्या बांधून चित्र अधांतरी टांगलं होतं. बाहेरच्या इंजिनाबरोबर ते थरथरत होतं. पिवळं लुगडं तेच होतं. खिडकी तीच. मांडीवरचे दोन्ही हात, एक उपडा, एक उताणा, जसेच्या तसे होते. पण चेहरा नव्हता. कपाळाचा नवा रंग जुन्या रंगाशी जुळेना म्हणून त्यांनी भुवयांपर्यंत खरवडलं असणार. मग भुवया जुळेनात म्हणून डोळे. मग गाल. मानेच्या वर आता गव्हाळ रंगांचे थरावर थर होते, प्रत्येक थोडा निराळा, एकही तिचा नाही.

"ये वं कॉन्व्हेंट," बाई म्हणाल्या. त्या चित्राकडे पाठ करून खाली पाटावर बसल्या होत्या. केस सुटलेले, लुगड्यावर रंगाचे डाग. "बस. चहा टाकते."

स्टोव्हवर चहा झाला. पत्र्याखाली इतका उकाडा होता की कपाला हात लावता येईना. बाई शाळेचं बोलल्या, रामाजींना उमरेडला मुलगी झाल्याचं बोलल्या, सरदारजींची बायको रोज भाजी पाठवते ते बोलल्या. मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहायचं टाळत होते आणि दुसरीकडे पाहायला त्या खोलीत काही नव्हतं.

"कशी दिसते?" त्यांनी एकदम विचारलं. मागं न वळता.

मी तेव्हा त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

"हात फार छान आहेत, बाई," मी म्हटलं.

"हो ना? हातांले मी काही केलं नाही."

माझा चहा संपला. मी उठले, वहाणा घातल्या. बाई उठल्या नाहीत. मी दारातून मागं पाहिलं तेव्हा त्या तशाच बसून होत्या, बशी दोन्ही हातांत धरून, दाराकडे तोंड करून. बाहेर ट्रक निघून गेला आणि त्यांच्यामागं ते चित्र हलायचं थांबलं. बशीत शेवटचा घोट तसाच होता. तो त्या पीत नव्हत्या.